खोक्याचे माप आधी ठरवा : बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा
(जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीचे अध्यक्ष या नात्याने)

महोदय,


प्रत्येक जिल्हा निर्यातीचे केंद्र व्हावा, हा विचार पंतप्रधानांनी 15 ऑगस्ट 2019 रोजी लाल किल्ल्यावरून मांडला आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत निर्यातीच्या समित्या आल्या. आपल्या जिल्ह्यात ही धुरा आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे. ते खुले ठेवले, कारण शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी, बचत गटांच्या ताईंनी आणि चिखली, खामगाव, मलकापूरच्या लहान कारखानदारांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

निर्यातीचा विषय निघाला की बोलणे कुठे जाते हे आपण जाणता. कर्ज, यंत्राचे अनुदान, शीतगृह, परवाने, परदेशातला खरेदीदार. हे सगळे हवेच. पण तयार झालेला माल कोणत्या मापाच्या खोक्यात भरायचा, किती थर रचायचे, कोणता कंटेनर मागवायचा, हे सारे शेवटच्या दिवशी हमालांच्या भरवशावर सोडले जाते. माझ्या मते या प्रश्नाचा निकाल सर्वांत आधी लागला पाहिजे. बोटीचे भाडे आपल्या हातात नाही. 2021 मध्ये कंटेनर मिळेनासे झाले तेव्हा भाडे कुठल्या कुठे गेले. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपकडे निघालेल्या बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि भाडे पुन्हा भडकले. देऊळगाव राजाच्या व्यापाऱ्याने त्यावर काय करावे? काहीही करता येत नाही. पण त्याच भाड्यात दहा टन माल जाणार की साडेअकरा टन, हे त्याच्याच गोदामात ठरते.

हे शहाणपण आपल्या जिल्ह्याला बाहेरून कुणी येऊन शिकवायला नको. खामगावची पेठ मोठी झाली तीच या शहाणपणावर. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. कापूस होता, भाव होता. अडचण होती ती रुईच्या फुगीर अंगाची. सैल रुई बंडीत भरली तर बंडी शिगोशीग भरते आणि बैलांना ओझे जाणवतसुद्धा नाही. आगबोटीवर तर कापसाचे भाडे त्याने अडवलेल्या जागेवर पडे. सैल गाठ विलायतेला पाठवणारा रुईइतकेच हवेचेही भाडे भरत होता. म्हणून सुरुवातीला इथून अर्धवट दाबलेल्या गाठी मुंबईला जात, तिथल्या प्रेसमध्ये पुन्हा दाबल्या जात आणि मग बोटीवर चढत. दोनदा उचल-ठेव, दोनदा हमाली, आणि मुंबईपर्यंतच्या वाटेवर जागेची नासाडी वेगळीच.

यावर उपाय निघाला तो प्रेस कापसाच्या दारात आणण्याचा. पूर्ण दाबाची गाठ खामगावातच बांधली की ती मुंबईत न उघडता थेट बोटीवर जाऊ लागली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव ही जेमतेम तेरा किलोमीटरची रेल्वे शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली, ती मुख्यतः या गाठींसाठी. त्या व्यापारात आपल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले हा वेगळा आणि दुखरा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. पण बांधणीच्या हिशेबापुरते बोलायचे तर तो हिशेब अचूक होता, आणि आजही चालतो. आजची गाठ 170 किलोची असते. पट्ट्यांनी आवळलेली, हाताने चाचपली तर ओंडक्यासारखी टणक. 40 फुटी उंच कंटेनरमध्ये अशा साधारण दीडशे गाठी बसतात. म्हणजे पंचवीस टनांच्या आसपास वजन. कंटेनरची जागा संपते आणि वजनाची मर्यादाही जवळजवळ तिथेच येते. दोन्ही एकाच वेळी संपणे हे चांगल्या बांधणीचे लक्षण. भरलेल्या भाड्यातला एक रुपयाही वाया जात नाही.

कापसाने दीडशे वर्षांपूर्वी जे साधले, ते आपल्या बाकीच्या मालाने अजून साधलेले नाही.

माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. मसाल्याच्या पुड्यांची खोकी 20 फुटी कंटेनरमध्ये भरली जात होती. खोके 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 40 उंच. पुठ्ठा उत्तम, छपाई सुबक. पाच थर रचून झाले आणि सहावा थर चढवताना हमाल थांबला. वर हात लावून म्हणाला, "साहेब, बसून नाई राह्यलं. बोटभर कमी पडते." खरोखर बोटभरच. 20 फुटी कंटेनरची आतली उंची सुमारे 2.39 मीटर असते, आणि 40 चे सहा थर म्हणजे 2.40. एका सेंटिमीटरासाठी अख्खा थर खाली राहिला आणि छताखाली 39 सेंटिमीटरची पोकळी न्हावा शेवा बंदरातून परदेशी गेली.

आता हेच खोके 38 सेंटिमीटर उंच असते तर? सहा थरांचे 2.28 मीटर झाले असते, वर हात घालायला आणि हवा खेळायला अकरा सेंटिमीटर उरले असते. खोक्यात माल थोडा कमी मावला असता, पण एकूण मालाची उंची 2 मीटरवरून 2.28 वर गेली असती. भाडे तेच, माल चौदा टक्के जास्त. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, कर्ज लागत नाही. पुठ्ठ्याचा कारखाना मागाल त्या मापाचे खोके देतो. पण खोक्याची ऑर्डर देताना कंटेनरचे माप कुणी विचारात घेतलेले नव्हते. बाजारात जे माप चालते तेच मागवले होते.

म्हणून मी म्हणतो, खोक्याचे माप आधी. आणि खोक्याच्याही आधी पुडीचे, पाकिटाचे, बरणीचे. कंटेनरपासून सुरू करून पाकिटापर्यंत उलटे यावे, म्हणजे मधे पोकळी राहत नाही. बचत गटांच्या लोणच्याच्या गोल बरण्या घ्या. गोल बरण्या चौकोनी खोक्यात ओळीने लावल्या तर त्यांच्या मधल्या जागेत एकवीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी जाते. हा भूमितीचा नियम आहे, सरळ ओळींत कितीही नेटके लावले तरी तो सुटत नाही. चौकोनी बरणी घेतली की ती जागा मालाची होते.

कुरडई, शेवया, चिवडा यांचा प्रश्न अवघड. कुरडई दाबता येत नाही, ती कापूस नव्हे. परदेशातल्या मराठी घरांमध्ये दिवाळीच्या सुमारास आपल्याकडून फराळाची खोकी जातात, बहुतेक विमानाने. पाठवणाऱ्याला धक्का बसतो तो बिल पाहून. 40 × 30 × 30 सेंटिमीटरच्या खोक्यात चार किलो चिवडा आहे, पण कुरिअरवाला बिल सात किलोंच्या वर लावतो. यात लबाडी नाही. हवाई मालाचे भाडे प्रत्यक्ष वजन किंवा आकारावरून काढलेले वजन, यांतले जे जास्त त्यावर ठरते. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागायचे, ही कुरिअरची नेहमीची रीत. विमान कंपन्या सहसा 6000 ने भागतात. 36,000 भागिले 5000, म्हणजे 7.2 किलो. त्याच खोक्यात चिवड्याच्या जोडीला लाडू, पापड, शेंगदाण्याची चटणी घालून सात किलो माल बसवला तर वरचे तीन किलो जवळपास बिनभाड्याने गेले. हलका आणि जड माल एका खोक्यात जुळवणे ही युक्ती आपल्या बायकांना शिकवावी लागत नाही, बिलाचे सूत्र तेवढे सांगावे लागते.

जड मालाचे गणित उलटे आहे आणि तिथे चूक महागात जाते. हरभरा, तूर डाळ, सोयाबीनची पेंड. मोठा कंटेनर स्वस्त पडतो असे ऐकून काही जण 40 फुटी मागवतात. त्यात जागा 67 घनमीटर, पण वजन सत्तावीस टनांच्या आसपासच चालते. हरभऱ्याने तो निम्माच भरतो आणि उरलेला निम्मा रिकामा जातो. 20 फुटी कंटेनरमध्ये 33 घनमीटर जागा आहे आणि कडधान्य त्यात जागा व वजन दोन्ही अंगांनी जवळजवळ पुरे भरते. जड माल वीसमध्ये, हलका माल चाळीसच्या उंच कंटेनरमध्ये, एवढे पाळले तरी पुष्कळ वाचते. आणि 1 जुलै 2016 पासून जगभर नियम आहे की भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो बोटीवर चढत नाही. अंदाजपंचे भरून चालत नाही.

आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे: माल एफओबीने विकला, म्हणजे बोटीचे भाडे खरेदीदाराचे, मग आपण कशाला डोके शिणवायचे? दुबईचा किंवा लंडनचा खरेदीदार मुळात किलोमागे गोदामापोच काय पडले हे पाहतो. भाडे धरून तुमचा माल दुसऱ्यापेक्षा महाग पडला तर तो पुढच्या वेळी भाव पाडतो किंवा फोनच करत नाही. रिकाम्या जागेचे पैसे शेवटी गोदामात माल भरणाऱ्याच्याच खिशातून जातात.

काटकसरीचा अतिरेकही मी पाहिला आहे. पातळ पुठ्ठा घ्यायचा, खोकी ठासून भरायची, आणि बंदरावर उतरेपर्यंत खालचे दोन थर चेपायचे. खोक्यावरचा भार त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांवर पेलला जातो. कोपऱ्यावर कोपरा आला तर थर टिकतो. विटांच्या भिंतीसारखी सांधेबदल रचना केली तर ढीग घट्ट दिसतो पण खोक्याची ताकद बरीच कमी होते. त्यात ओल शिरली की पुठ्ठा आणखी मऊ पडतो. खामगावच्या मे महिन्यात कोरड्या उन्हात भरलेला कंटेनर समुद्रावर गेल्यावर रात्री गार होतो, आतली वाफ छताला लागून थेंबांनी खाली गळते. डाळ, हळद, मिरची अशा मालावर हे पाणी पडले की बुरशी. म्हणून छताखाली थोडी जागा, ओल शोषणाऱ्या पिशव्या आणि नीट वाळवलेला माल, यावर खर्च करायचाच. मी भाड्याची बचत म्हणतो ती रिकाम्या जागेतून काढायची. मालाच्या संरक्षणातून नाही.

लाकडाचेही तसेच. गावच्या सुताराकडून पेट्या किंवा पॅलेट करून घेतले आणि माल पाठवला, तर पलीकडच्या बंदरावर सगळा माल अडकू शकतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कच्च्या लाकडाची बांधणी आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेली, किंवा मान्य धुरी दिलेली हवी, आणि तसा शिक्का त्यावर हवा. प्लायवूडला हा नियम नाही. पॅलेट घ्यायचे की नाही हाही विचार हवा: पॅलेट पंधराएक सेंटिमीटर उंची खाते, पण युरोपात हाताने माल उतरवणे फार महाग, म्हणून तिथला खरेदीदार पॅलेट मागतो. तो मागणार असेल तर 60 × 40 सेंटिमीटरच्या तळाचे खोके घ्यावे. 120 × 80 च्या पॅलेटवर अशी चार आणि 120 × 100 च्या पॅलेटवर पाच खोकी काठोकाठ बसतात. हे माप जगभर उगाच रूढ झालेले नाही.

आता मागणी.

पहिली गोष्ट अगदी थोड्या खर्चाची आहे, म्हणून ती आधी मागतो. जिल्ह्यात बाजार समित्यांची, वखार महामंडळाची, पतसंस्थांची आणि उत्पादक कंपन्यांची गोदामे आहेत. निर्यातीचा माल जिथे भरला जातो अशा प्रत्येक गोदामाच्या फरशीवर रंगाने कंटेनरचा आतला तळ आखून द्यावा: 20 फुटीसाठी 5.90 बाय 2.35 मीटर, 40 फुटीसाठी 12.03 बाय 2.35. शेजारी एक खांब उभा करून त्यावर 2.39 आणि उंच कंटेनरसाठी 2.69 मीटरची खूण करावी. खोक्याची ऑर्डर देण्याआधी चार नमुन्याची खोकी या चौकटीत मांडून पाहायची. जो हमाल मसाल्याच्या खोक्याला "बोटभर कमी" म्हणाला, त्याचे ते वाक्य ऑर्डरच्या आधी ऐकायला मिळेल. मोजमाप आणि आखणीचे काम शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी प्रकल्प म्हणून करू शकतील. त्यांना खरे काम मिळेल आणि गोदामांना फुकट गणिती.

दुसरे, खोक्यांची एकत्र खरेदी. डाळ, मसाले, पापड-शेवया यांच्यासाठी जिल्ह्याने तीन-चार मापे ठरवावीत, कंटेनर आणि पॅलेट दोन्हींत बसणारी. दहा संस्था दहा मापांची खोकी थोडी थोडी मागवतात म्हणून महाग पडतात. एकच माप असेल तर दोन संस्थांचा माल एका कंटेनरमध्ये शेजारी शेजारी रचताही येईल. आणि असा एकत्र कंटेनर ही तिसरी गोष्ट. एकट्या गटाचा माल कंटेनर भरण्याइतका नसतो, म्हणून तो मुंबईला दुसऱ्यांच्या मालाबरोबर सुटा जातो. सुट्या मालाचे भाडे एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त पडेल त्यावर लागते. शेवया-कुरडयांसारख्या हलक्या मालाचे त्यात कंबरडे मोडते. वर कंटेनर भरला जातो बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये (सीएफएस), आपल्यापासून पाचशेहून अधिक किलोमीटर लांब, आपला माणूस समोर नसताना. ठरलेल्या तारखेला, समजा महिन्यातून दोनदा, जिल्ह्याचा एकत्र कंटेनर खामगावहून किंवा मेहकरहून सुटला तर जड डाळीच्या वर हलक्या शेवया, असा जोडमाल भरता येईल. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे आणि तो आपल्या मेहकर, सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. शेजारच्या जालन्यात ड्राय पोर्टची पायाभरणी 2015 मध्येच झाली आहे. रस्ता झाला, त्यावरून जाणारी गाडी भरलेली असावी, हे काम समितीचे आहे.

चौथी मागणी शिकवणीची. भारतीय पॅकेजिंग संस्था 1966 पासून काम करते, तिचे मुख्यालय मुंबईत आहे आणि ती केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिच्या तज्ज्ञांना वर्षातून काही दिवस खामगावला बोलवावे. शिबिर सभागृहात नको. गोदामात घ्यावे, खरी खोकी, खरा कंटेनर आणि खरे हमाल समोर ठेवून. त्यात हमालांना मानधन देऊन बसवावे, कारण माल शेवटी त्यांच्या हातांनी रचला जातो आणि कोणत्याही तज्ज्ञापेक्षा त्यांना जागा जास्त कळते.

शासनाने यात पडावे का, असे कुणी विचारेल. वऱ्हाडाचा इतिहास त्याचे उत्तर देतो. कापसाच्या बाजारात मापात खोट होऊ नये म्हणून नियंत्रित बाजार आधी कारंज्यात 1886 मध्ये आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे देशभर बाजार समित्या झाल्या त्याची ती सुरुवात. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक सक्तीचा केला, म्हणजे विलायतेत उघडलेली गाठ कुणी बांधली हे सांगता येऊ लागले. मापासाठी आणि खुणेसाठी कायदे करणाऱ्या या मुलखात फरशीवर चार रेषा आखायला वेगळ्या कायद्याची गरज नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'खोक्याचे माप आणि एकत्र कंटेनर' हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, ही विनंती. बैठकीला बोलावल्यास मी टेप घेऊन हजर राहीन, आणि ज्या गोदामात आधी आखणी करायची असेल तिथे रंगाचा खर्च मी करीन.

आपला नम्र,
निर्यातीचा माल बांधणारा एक खामगावकर